तूरिदचे दोन डावे पाय

आमच्या स्कारदालमध्ये माणसानं काय वाटेल ते करावं. नगरपालिकेला शिव्या द्याव्यात, भावाशी वर्षानुवर्षं अबोला धरावा, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल पेपरात पत्र छापून आणावं. गाव समजून घेतं. श्रमदानाला मात्र नाव ठेवू नये. वसंतात कुंपणं रंगवायची, शरदात शाळेचं पटांगण झाडायचं, बँडच्या गणवेशासाठी केक भाजून विकायचे, हे सगळं आमच्याकडे सगळे मिळून फुकट करतात. फुकट असल्यामुळे ते कसं झालं याची चर्चा होत नाही. माझ्या घरासमोरचं कुंपण एका श्रमदानात अर्धं पांढरं आणि अर्धं पिस्त्याच्या रंगाचं झालं, तेव्हा सगळ्या गल्लीनं येऊन ते छान उठून दिसतं असं सांगितलं. धर्माच्या गायीला दात का नाहीत, हे आमच्याकडे कोणी गायीच्या पाठीमागेही विचारत नाही.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून झाला.

ऑक्टोबरात आमचा स्की क्लब शाळेच्या व्यायामशाळेत एक मेळावा भरवतो. जुन्या स्की विकायच्या, नव्या घ्यायच्या, वाफल खायची, घरी जायचं. त्या वर्षी क्लबनं बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्याचा उरलेला माल स्वस्तात उचलला होता. त्यातल्या पांढऱ्या स्कींची एक जोडी मी तूरिदसाठी, म्हणजे माझ्या बायकोसाठी, घेतली. आता स्की म्हणजे शेवटी एक लांब फळी. तिच्यावर मधोमध लोखंडी चिमटा बसवावा लागतो. बुटाचं नाक त्यात अडकतं, टाच मोकळी राहते. डोंगरात जायच्या या जुन्या पद्धतीच्या स्कींचे चिमटे चपलांसारखे असतात, एक डावा आणि एक उजवा. ते बसवायचं काम क्लबचा अध्यक्ष आर्नफिन करतो. आर्नफिन पूर्वी बँकेत मॅनेजर होता. निवृत्त झाल्यावर त्याच्या मुलींनी त्याला ड्रिल मशीन भेट दिलं, आणि तेव्हापासून तो गावाची सेवा करतो.

मी वाफलच्या टेबलावर होतो. आर्नफिननं तूरिदची एक स्की संपवली, माझ्याकडे येऊन तपकिरी चीज घातलेली वाफल सावकाश खाल्ली, आणि परत जाऊन दुसरी संपवली. जगातली बरीच मोठी संकटं अशा मधल्या सुट्टीत जन्माला आलेली आहेत. मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून अधिकारानं सांगतो. मी आभार मानले, स्की बांधून घेतल्या आणि बर्फ पडेपर्यंत शेडमध्ये टांगून ठेवल्या. मिळालेली भेट निरखून बघायची नसते.

या स्कींवर काय अवलंबून होतं तेही सांगतो. सरोवरापलीकडच्या पठारावर तूरिदच्या वडिलांनी स्वतः बांधलेली एक लाकडी झोपडी आहे. तिकडे रस्ता जात नाही, वीज जात नाही. ईस्टरला स्कीवरून आम्ही जातो. म्हणजे जायचो. तूरिदच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मागचे दोन ईस्टर आम्ही घरच्या गॅलरीत संत्री सोलत काढले. तिचा भाऊ गाउते याला ती झोपडी विकायची होती. त्याला ऑस्लोचं एक गिऱ्हाईकही सापडलं होतं. कोणी जात नाही, छप्पर गळतं, ठेवायची कशाला, हे तो दर फोनला एकाच सुरात म्हणायचा. शेवटी तूरिद त्याला म्हणाली, "या ईस्टरला मी माझ्या पायांनी तिथं पोचले तर विषय बंद. नाही पोचले तर आण तुझे कागद, मी सही करते."

फोन ठेवल्यावर माझ्या तोंडून एक वाक्य गेलं. मी म्हटलं, "तू गुडघ्याचं बघ. स्कीचं मी बघतो." नवऱ्यांनी आयुष्यात जी वाक्यं टाळावीत, त्यांत याचा नंबर बराच वर लागेल.

पहिला बर्फ पडला तशी तूरिद पुन्हा स्कीवर गेली आणि लवकरच परत आली. बूट न काढता दारातल्या बाकावर बसून राहिली. आमच्या घरात बूट न काढणं म्हणजे कोणीतरी वारल्यासारखंच आहे.

"गुडघा गेला, हालवर," ती म्हणाली. हालवर म्हणजे मी. "उजवा पाय माझं ऐकतच नाही. टाच फळीवर राहत नाही, बाहेर जाते. मी सरळ चालले होते आणि भलत्याच झाडापाशी पोचले."

तिचे डोळे भरून आले नव्हते. ती तशी बाई नाही. पण तिनं फोन हातात घेऊन गाउतेचं नाव शोधायला सुरुवात केली, हे त्याहून वाईट होतं. मी सहज म्हणून तिच्या स्की शेडमध्ये नेल्या, शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि बघत राहिलो. दोन्हींवर डावेच चिमटे होते. जन्मभर स्कीवर उभी राहिलेली बाई चिमट्याकडे बघत नाही, जसं आपण आपल्या जिन्याच्या पायऱ्या मोजत नाही.

मी धावत आत आलो आणि म्हटलं, "गुडघा ठीक आहे. तुला दोन डावे पाय आहेत."

समजावून सांगायला थोडा वेळ गेला. मग ती इतकी हसली की शेजारच्या ऑडलाउगनं खिडकीतून डोकावून पाहिलं. हसून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मग जा की आर्नफिनकडे. एवढंच सांगायचं, चिमटा चुकलाय."

"तूच जा ना."

"मी कशी जाऊ? बाबांच्या अंत्यविधीला त्यानं अकॉर्डियन वाजवला होता."

"आणि माझ्या अंगणातला बर्फ तो दर हिवाळ्यात न सांगता काढतो, त्याचं काय?"

शेवटी, स्कीचं मी बघणार होतो याची मला आठवण करून देण्यात आली.

मी आर्नफिनकडे गेलो. सरळ विषय काढणं शक्यच नव्हतं. म्हणून कॉफीच्या दुसऱ्या कपाला, खिडकीबाहेर बघत, मी एक सर्वसाधारण विधान केलं. म्हटलं, हल्ली लोकांना डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे पटकन कळत नाही, नाही का? आर्नफिनची कॉफी बशीत सांडली. निवडणुका अजून लांब आहेत, असं तो म्हणाला, आणि लगेच उठून त्यानं मला त्याच्या बागेत शिरलेल्या घोड्याएवढ्या एल्कची, म्हणजे आमच्याकडच्या थोरल्या हरणाची, हकीकत सांगितली. ती मी आधी ऐकली होती. या खेपेला एल्क आणखी मोठा होता. मी आभार मानून घरी आलो. सभ्य माणसाला यापेक्षा स्पष्ट बोलता येत नाही.

मग मी ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयात फोन केला. आर्नफिनचं नाव घ्यायचं नव्हतं, फक्त आपला हक्क काय आहे ते समजून घ्यायचं होतं. पलीकडच्या बाईंचा आवाज फार शांत होता. त्यांनी विचारलं, काम करणाऱ्याला किती पैसे दिले. मी म्हटलं, पैसे नाही, वाफल दिली. कोणी दिली? मीच दिली. चीज होतं का? होतं. थोडा वेळ टाइप केल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "या व्यवहारात मला विक्रेते तुम्हीच दिसता. त्या गृहस्थांची वाफलबद्दल काही तक्रार आहे का?" मी म्हटलं, नाही, आवडली त्याला. "मग आमच्या दृष्टीनं प्रकरण मिटलेलं आहे," त्या म्हणाल्या, आणि दिवस चांगला जावो अशी इच्छा व्यक्त केली.

शहरातल्या स्कीच्या दुकानातही विचारून पाहिलं. असे चिमटे आता येत नाहीत, नवीन पद्धतीचे घ्या, म्हणजे बूटही नवे घ्यावे लागतील, असं तिथल्या माणसानं मला एखाद्या पुराणवस्तूशी बोलावं तसं सांगितलं. तूरिदनं नव्या बुटांना साफ नकार दिला. तिचे चामड्याचे बूट तिच्या पायाला आणि गुडघ्याच्या पट्ट्याला असे काही बसले आहेत की, तिच्याच शब्दांत, इतकं वळणावर तिनं आयुष्यात दुसरं कोणाला आणलेलं नाही. मी तिथंच उभा होतो.

एव्हाना बातमी गल्लीत पसरली होती. आर्नफिनचं नाव न घेता पसरली होती, हे आमच्या गल्लीचं वैशिष्ट्य. लोक "तुझ्या त्या स्कींना जे झालंय ते" असं म्हणत, जणू स्कींना गोवर आला आहे. ऑडलाउग ऐंशीच्या पुढची आहे आणि रोज स्कीवर जाते. तिचं म्हणणं, एवढं मनाला लावून घेऊ नये. लहानपणी तिला आणि तिच्या भावाला मिळून एकच जोडी होती, म्हणून दोघं एकेका स्कीवर शाळेत जात. "तूरिदला म्हणावं, उजवी काढून टाक. चांगला आहे तोच पाय वापर." मी म्हटलं, पठार बरंच लांब आहे. ती म्हणाली, शाळाही लांबच होती.

समोरचा स्टाइनार मात्र कृतीवर विश्वास ठेवणारा. त्यानं आयुष्यभर समुद्रातल्या तेलविहिरींवर काम केलं आहे आणि त्याच्या शेडमध्ये जगातला प्रत्येक गोंद आहे. त्याचं निदान साधं होतं. चिमटा डावा आहे ना, मग तो काढायचा, थोडा तिरका करून बसवायचा, म्हणजे टाच आपोआप फळीवर येईल. जुन्या भोकांत काड्यापेटीच्या काड्या ठोकायच्या आणि खाली गोंद भरायचा. "हा गोंद बघ," तो म्हणाला. "उत्तर समुद्राच्या लाटा बसतात याच्यावर. हलत नाही." बोलताना त्याचा हात त्या डब्यावरून असा फिरत होता की मला परक्या घरात शिरल्यासारखं वाटलं.

आम्ही स्क्रू काढले. काड्या ठोकल्या. गोंद ओतला, जरा जास्तच ओतला, कारण स्टाइनारच्या मते गोंदाच्या बाबतीत कंजूषपणा ही शहरी वृत्ती आहे. चिमटा तिरका ठेवला, स्क्रू पिळायला घेतले. इथं विज्ञानानं आमचा घात केला. स्क्रूंना जुनी भोकं पाठ होती. आम्ही पिळत गेलो तसतसा चिमटा गोंदावरून घसरत, अगदी प्रेमानं, आपल्या मूळ जागी जाऊन बसला. मी हातानं ओढून धरला, तर हातमोजा चिकटला. स्टाइनारनं मला मोज्यातून बाहेर काढलं, मोजा कात्रीनं कापला, आणि या गडबडीत गोंद वाळला.

परिस्थिती अशी होती, की चिमटा पूर्वी होता तिथंच, पूर्वी होता तसाच, डावाच होता. फरक इतकाच की आता त्याला उत्तर समुद्रही हलवू शकत नव्हता. आणि त्याच्या कडेनं माझ्या मोज्याची लाल लोकर झालरीसारखी लागली होती.

"निदान पक्का झाला," स्टाइनार म्हणाला.

तूरिदनं ती स्की पाहिली आणि लोकरीवरून बोट फिरवलं. त्यानंतर ती संध्याकाळी तशीच, टाच बाहेर लोंबकळत, शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारू लागली. सरळ जाता यावं म्हणून उजवा पाय आत ओढायची, त्यानं गुडघा दुखायचा, मग दुसऱ्या दिवशी विश्रांती. ईस्टर जवळ येत चालला. गाउतेचा फोन आला की ती म्हणायची, "चाललंय." फेब्रुवारीअखेर एकदा ती झोपताना म्हणाली, "छपराला खरंच बरंच काम आहे, नाही?" त्या छपराबद्दल इतक्या वर्षांत तिनं एक शब्द ऐकून घेतला नव्हता. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि उत्तर समुद्राबद्दल मी मनात जे बोललो ते स्टाइनारला सांगता येणार नाही.

त्या रविवारी मी एकटाच स्कीवर बाहेर पडलो. माणसांना टाळायचं म्हणून जुन्या लाकडाच्या वखारीमागच्या रानात शिरलो. तिथं सहसा कोणी जात नाही, कारण तिथं बघण्यासारखं काही नाही. पण बर्फात ताजा माग होता. आता, आमच्याकडे माणसाचा माग त्याच्या हस्ताक्षरासारखा ओळखू येतो. तूरिदचा माग तर मी झोपेतही ओळखेन. दोन सरळ रेघा आणि उजव्या रेघेच्या बाहेर टाचेचे ओरखडे. हा माग तसाच होता, फक्त ओरखडे डाव्या बाजूला होते. मी थांबून आधी उजवा हात वर केला, मग डावा, खात्री करून घेतली. आरशात बघावा तसा माझ्या बायकोचा माग माझ्यासमोर पडला होता.

दोन डावे इकडे आले असतील, तर दोन उजवे कुठंतरी गेलेच असणार. एवढा साधा हिशेब मला सगळ्या हिवाळ्यात सुचला नव्हता. पदवी इतिहासात आहे, हे एक कारण.

मी मागावरून निघालो. तो माग सरळ जायचा, मग हळूच डावीकडे वळायचा, मग रागारागानं परत उजवीकडे यायचा. एका ठिकाणी तो थेट झाडावर गेला होता. पुढच्या वळणावर, फरच्या झाडाला धरून, आर्नफिन उभा होता. नव्या कोऱ्या पिवळ्या स्की, आणि डावी टाच फळीबाहेर.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनीही शिष्टाचार म्हणून हवेकडे पाहिलं.

"छान बर्फ आहे," आर्नफिन म्हणाला.

"छान आहे," मी म्हटलं. "तुझ्या त्या... टाचेला काही झालंय का?"

"कुठं काय."

"नाही, तूरिदच्याही टाचेला तसंच झालंय. फक्त उजव्या."

आर्नफिनचा चेहरा हळूहळू बदलत गेला. बँकेत कर्ज मंजूर करताना तो असाच दिसायचा, असं गावातले जुने लोक सांगतात. तो जवळच्या ओंडक्यावर बसला.

"मेळाव्यात तिची झाल्यावर मी माझी जोडी बसवायला घेतली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, कारखान्याचीच चूक. दोन उजवेच आले असणार. मी त्यांना पत्र टाकलं. पण कारखाना तर बंदच पडलाय."

"मग बोलायचंस ना कोणाला तरी."

"काय बोलू? अध्यक्षालाच आपली स्की बसवता येत नाही म्हणून सांगू? गावानं माझ्याकडून एवढ्या जोड्या बसवून घेतल्या. मी वाट बघत होतो. म्हटलं, माझी चूक असेल तर कोणीतरी येऊन सांगेलच की."

"कोण सांगणार बाबा? फुकटचं काम."

"पण तू आला होतास," तो म्हणाला. "ते डावं-उजवं बोलायला. मला वाटलं, तुला माझ्या स्कींबद्दल कळलंय आणि तू टोमणा मारतोयस. सगळा हिवाळा इथं येतोय मी लपून. बायकोला सांगितलंय, पक्षी बघायला जातो."

मग आम्ही दोघंही त्या ओंडक्यावर बसून बराच वेळ हसलो. हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते थंडीचं नव्हतं, असं मला वाटतं. माणसाला एवढी वर्षं फक्त "छान झालं" ऐकायला मिळालं, की तो आत कुठं तरी घाबरायला लागत असावा.

आता काम सोपं होतं. त्याचा जास्तीचा उजवा काढायचा, तिचा जास्तीचा डावा काढायचा, अदलाबदल. दुसऱ्या दिवशी आर्नफिन पाना-पेचकस घेऊन आमच्या शेडमध्ये आला. तूरिदची उजवी स्की मी त्याच्यासमोर ठेवली. त्यानं स्क्रू काढले. चिमटा जागचा हलला नाही. त्यानं ठोकलं, ओढलं, मग चष्मा वर करून जवळून पाहिलं.

"ही लाल लोकर कसली?"

"स्टाइनारनं मदत केली," मी म्हटलं.

"अच्छा," आर्नफिन म्हणाला. "छान केलंय."

आम्ही दोघं त्या स्कीकडे बघत उभे राहिलो. दारात तूरिद कॉफीचा थर्मास घेऊन आली, तिनं आमच्याकडे पाहिलं, स्कीकडे पाहिलं, आणि जे आम्हा दोघा पदवीधरांना सुचलं नव्हतं ते म्हणाली.

"अरे, चिमटा निघत नाही तर नाही. अख्खी स्कीच बदला ना."

आणि तसंच झालं. तिची लाल झालरीची पांढरी स्की आर्नफिनला गेली, डाव्या पायाला अगदी सरळ बसली. त्याची पिवळी तूरिदच्या उजव्या पायाला आली. आता आर्नफिन चांगला उंच माणूस आहे, त्यामुळे ती पिवळी तिच्या पांढरीपेक्षा हातभर लांब होती. पण तूरिदनं बूट अडकवला आणि टाच खाली टेकवली. टाच फळीवर राहिली. तिनं परत उचलली, परत टेकवली. मग तिनं थर्मास माझ्या हातात दिला आणि अंगणाबाहेर, रस्ता ओलांडून, मैदान ओलांडून ती सरळ निघून गेली. ती परत येईस्तोवर आर्नफिन आणि मी सगळी कॉफी संपवली.

ईस्टरच्या शनिवारी क्लबची मंडळी पठाराकडे निघाली. सगळ्यांत पुढे अध्यक्ष, एक पाय पिवळा, एक पांढरा. त्याच्या मागे तूरिद, एक पांढरा, एक पिवळा. गाव त्यांच्याकडे बघत होतं आणि आकाशाबद्दल बोलत होतं. फक्त ऑडलाउगनं जवळून जाताना विचारलं, "नवीन पद्धत का रे, आर्नफिन?" तो म्हणाला, "हो." ती म्हणाली, "आमच्या वेळी एकच असायची," आणि पुढे गेली.

सरोवराच्या मध्यावर माझ्या स्वतःच्या स्कीचा चिमटा तुटला. कट्कन आवाज आला आणि मी मांडीपर्यंत बर्फात. तूरिदनं मागे वळून पाहिलं. मी हात हलवून तिला पुढे जा म्हणून सांगितलं. ती थांबली असती तर मी तिला माफ केलं नसतं. ती थांबली नाही, याचंही मला किंचित वाईट वाटलं. स्की खांद्यावर टाकून, पावलोपावली रुतत मी चालत राहिलो. समोर तिची आकृती लहान होत गेली, आणि तिच्या मागे बर्फात दोन रेघा पडत गेल्या. सरळ. बाजूला एकही ओरखडा नाही.

मी झोपडीपाशी पोचलो तेव्हा पायरीवर गाउते बसला होता, शेजारी ऑस्लोचं गिऱ्हाईक. छप्पर दाखवायला आणलं होतं त्याला. गुडघ्याला मधूनमधून विश्रांती देत आलेली तूरिदही नुकतीच पोचली असावी. तिनं पाठीवरची पिशवी उतरवली, वडिलांनी ठोकलेल्या खुंटीला काठ्या अडकवल्या आणि स्की काढून भिंतीला उभ्या केल्या. एक पांढरी बुटकी, एक पिवळी उंच. गाउते त्या जोडीकडे बघत राहिला.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"श्रमदान," तूरिद म्हणाली.

गाउतेनं उघडलेलं तोंड मिटलं. कितीही झालं तरी तो स्कारदालचाच आहे. शहरी गिऱ्हाईक मात्र काहीतरी विचारायला पुढे झुकलं, तेव्हा गाउतेनं शांतपणे त्याच्या पायावर पाय ठेवला. मग तो पायरीवर सरकला, बहिणीला जागा केली आणि तिच्यासाठी एक संत्रं सोलायला घेतलं. छपराचा विषय निघाला नाही. पुढे निघाला तो कौलं कोण आणणार, एवढाच.

सगळे टेकल्यावर तूरिदचं लक्ष माझ्या खांद्यावरच्या स्कीकडे गेलं. "तुझ्या चिमट्याला काय झालं?"

मी स्की बर्फात रोवली, टोपी काढली आणि बोलायला उभा राहिलो. तो नव्या पद्धतीचा चिमटा मी शहरातल्या त्या दुकानातून, रोख पैसे मोजून, बसवून घेतला होता. दुकानदारापासून सुरुवात केली, त्याच्या स्क्रूंवर आलो, त्याच्या शिक्षणावर, त्याच्या घराण्यावर. ऑक्टोबरपासूनचं सगळं साठलेलं होतं. कोणी मला अडवलं नाही. आर्नफिन तर संत्र्याची फोड हातात धरून, डोळे मिटून, एखादं सुरेल वादन ऐकावं तसा ऐकत होता, आणि मध्येच मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा हळूच म्हणाला, "स्क्रूंचं जरा परत सांग."